ऑगस्टमध्ये नाशिकच्या वाइनरी बघायला यावं का? तेव्हा द्राक्षं नसतात म्हणे

लग्नाच्या वाढदिवसाला ऑगस्टमध्ये दोन दिवस नाशिकला यायचं तुमचं ठरलंय, आणि ‘तेव्हा बागेत एक घड दिसणार नाही, फेब्रुवारीत जा’ असं कुणीतरी डोक्यात भरवलंय. मी सांगतो, बेत पुढे ढकलू नका. फक्त शनिवार-रविवार टाळा.

मी गंगापूर रोडला राहतो आणि माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षांची बाग आहे, त्यामुळे पाहुण्यांना फिरवणं आणि बागेतला चिखल तुडवणं, दोन्हीचा सराव आहे.

द्राक्षं नसतात हे खरंच. काढणी साधारण जानेवारी ते मार्च. पण ऑफ सीझन द्राक्षांचा, गर्दीचा नव्हे. पावसाळी रविवारी गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता मुंबई-ठाण्याच्या गाड्यांनी असा तुंबतो की आम्ही गावकरी घराबाहेर पडत नाही. तेच मंगळवारी दुपारी जा. टेस्टिंगच्या टेबलाशी तुम्ही दोघं आणि सांगणारा पोरगा, एवढेच. फेब्रुवारीत त्याला दम खायला फुरसत नसते, ऑगस्टमध्ये एक प्रश्न विचारला की तो तीन उत्तरं देतो. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन पांढऱ्या वाइन शेजारी ठेवून वास घ्यायला लावेल, टाक्यांपाशी उभं राहू देईल.

आता बागेचं. युरोपात हिवाळ्यात पानं झडतात आणि नुसत्या काड्या उरतात. आपल्याकडे वेल तशी झोपत नाही. म्हणून इथे छाटण्या दोन आणि पीक एक. एप्रिलमध्ये नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घड यावेत म्हणून गोडी छाटणी. बाग उघडीबोडकी बघायची हौस असेल तर एप्रिलअखेर या, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या तारेवरच्या जाड फांद्या, आणि डोक्यावर ऊन. ऑगस्टमध्ये तीच बाग गच्च हिरवी असते.

आणि आत काम चालू असतं. खरड छाटणीनंतर जी काडी फुटते, तिच्याच डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या कळीत, पुढच्या हंगामाचा घड धरलेला असतो, उघड्या डोळ्यांना न दिसणारा. गोडी छाटणीच्या आधी बागायतदार काड्या कापून लॅबमध्ये देतात, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही बघतात आणि त्यावरून किती डोळ्यांवर छाटायचं ते ठरतं. मामांनी मागच्या पावसाळ्यात मला एक काडी आडवी कापून दाखवली होती. बाहेरून तपकिरी, आतला गाभाही तपकिरी. ‘ही पिकली. गाभा हिरवा असता तर अजून कच्ची,’ म्हणाले. मग सवयीनं एक पान उलटं केलं. वर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. पुढचा अर्धा तास मामा माझ्याशी बोलले नाहीत, फवारणीच्या फोनवरच होते. तुम्हालाही ओळींमधून फिरावंसं वाटेल, पण विचारून शिरा. कालच फवारणी झालेली असू शकते.

थोडं व्यवहाराचं. निघण्याआधी कॅलेंडर बघा. माझ्याकडे एकदा ठाण्याचे मित्र आले, जुलै महिना, मस्त भुरभुर पाऊस, थेट वाइनरीत नेलं. तिथे कळलं, आज आषाढी एकादशी. ड्राय डे. पिझ्झा खाऊन घरी आलो, तर आईनं सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली आणि वर विचारलं, ‘कुठे गेला होतात रे?’ तुमच्या महिन्यात १५ ऑगस्टला तीच गत होईल. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. गाडी स्वतः चालवू नका. शहरापासून लांबच्या वाइनरीतून परतताना रिक्षा मिळेलच असं नाही, दिवसाची गाडी ठरवलेली बरी.

एकच दिवस असेल तर गंगापूर धरणाच्या बाजूलाच राहा. सुला आणि यॉर्क शेजारी-शेजारी आहेत, चालत जाता येतं. पैकी सुला १९९९ साली सुरू झालेली, गर्दी सगळी तिच्याकडे, म्हणून मी पाहुण्यांना आधी यॉर्कला नेतो आणि धरणाकडे तोंड करून बसवतो. दुसरा दिवस असेल तर इगतपुरीकडे व्हॅलोन. तिकडे नाशिकपेक्षा पाऊस कितीतरी जास्त, छत्री उपयोगाची नाही, रेनकोट घ्या. श्रावणी सोमवारी मात्र त्र्यंबक रस्त्याला चुकूनही जाऊ नका, विशेषतः तिसऱ्या सोमवारी. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणाऱ्या गर्दीत तुमचा वाढदिवस गाडीतच साजरा होईल.

धरणातून पाणी सोडलं असेल तर संध्याकाळी गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुती लांबून बघून या. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला की गळ्याला, यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. आणि सकाळी वाइनरीत जाण्याआधी मिसळ खाऊन घ्या, पण रस्सा बेतानं. झणझणीत मिसळीनंतर अर्धा तास कुठलीही वाइन सारखीच लागते.