ग्रॅव्हल बाइक घेऊन जुन्नरहून नाणेघाट उतरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी जाड टायरची सायकल घेतली आहे, दोन दिवस हाताशी आहेत, इतिहास असलेल्या डोंगराळ मुलखात चालवायची आहे, आणि जुन्नरहून निघून नाणेघाटाने खाली उतरून कल्याणच्या रस्त्याला लागायचं मनात आहे. जमेल का?

जुन्नरची निवड एकदम बरोबर. घाट उतरायचा बेत मात्र सोडा. मी एकदा तो केला आहे, म्हणून सांगतो.

नकाशावर बघितलं की मोह होतो हे खरं. कल्याण, सोपारा या बंदरांवरून माल यायचा, नाणेघाटाने वर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. दोन हजार वर्षांपूर्वीचा हमरस्ताच तो. त्यामुळे मलाही वाटलं होतं, एवढा मोठा व्यापारी मार्ग, म्हणजे सायकल जाण्याइतका तर असेलच. पण घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की चूक कळते. ती दोन कड्यांमधली नाळ आहे, दगडी पायऱ्यांची. पायऱ्याही सारख्या नाहीत, एक वीतभर उंच तर दुसरी गुडघ्याएवढी, आणि पावलं पडून पडून गुळगुळीत झालेल्या. माल जायचा तो बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. चाक तिथे कधी फिरलंच नसणार.

मी सायकल खांद्यावर घेऊन उतरायला लागलो. पायात क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकवायचा धातूचा तुकडा तळाला असलेले बूट. पायरीवर धातू आणि दगड. तोंडाशी सरबत विकणाऱ्या एक मावशी होत्या, त्या म्हणाल्या, "आरं, तू सायकलीवर बसायचं का सायकलीनं तुझ्यावर?" निम्म्यात पाय घसरला, सायकल मागच्या बाजूवर आपटली आणि डिरेल्यरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा सायकलला जोडणारा तुकडा, वाकला. गिअर बदलला की साखळी आऱ्यांना घासायची. खाली हायवेला पोचेपर्यंत दुपार टळली होती. पुढचा प्रवास टेम्पोत, कांद्याच्या पोत्यांवर बसून.

तेव्हा चाकांचा प्रदेश वरचा, हे धरून बेत आखा. जुन्नरहून पश्चिमेला आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत साधारण तीसेक किलोमीटर होतात. अंगावर येणारा चढ नाही, पण वरखाली मात्र सतत. मुख्य रस्ता डांबरी आहे. नुसता तोच धरून गेलात तर ग्रॅव्हल बाइक घेतल्याचं काही सार्थक नाही. मजा आहे ती डांबर सोडून वाड्यावस्त्यांकडे आणि माणिकडोह धरणाच्या पाण्याकडे फुटणाऱ्या मुरमाच्या वाटांवर. यातल्या बऱ्याच वाटा पाण्याशी किंवा कुणाच्या तरी खळ्यात जाऊन संपतात, मग आल्या वाटेने परत यायचं. खळ्यात शिरलात तर आधी विचारा आणि वाळत घातलेल्या भातावरून चाक नेऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर जागोजागी हिरडा वाळत घातलेला दिसेल. इथल्या आदिवासी कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न बरंचसं त्यावर असतं, तेव्हा त्यालाही वळसा घालायचा.

आता जमिनीबद्दल, कारण परदेशी व्हिडिओत ज्याला ग्रॅव्हल म्हणतात ते इथे क्वचित सापडतं. आपल्याकडे तीन गोष्टी असतात. दबलेला मुरूम हे सुख आहे, डोळे मिटून चालवा. नुकतं खडीकरण झालेला रस्ता ही शिक्षा. सुटी, धारदार काळी खडी असते ती, टायरची बाजू चिरते. तिथे उतरून चालण्यात कसलाही कमीपणा नाही. तिसरी फसवी: घट्ट मुरमावर पसरलेली बारीक बजरी, नेमकी उतारावरच्या वळणात. वरून रस्ता छान दिसतो आणि पुढचं चाक मोहरीवरून घसरावं तसं घसरतं. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही, नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या पलीकडे ठेवायची.

माझे टायर ४५ मिलिमीटरचे आहेत. वजन पंचाहत्तर किलो, हवा पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय. तुमच्या टायरवर काय लिहिलंय ते बघून तुमचं ठरवा, पण दुकानदाराने ठासून भरलेली हवा घेऊन येऊ नका, हाडं खिळखिळी होतील. ट्यूबलेस असेल तर निघण्याआधी सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारं द्रव, तपासा. बाभळीचे काटे इथे कमी नाहीत.

वाटेत कुठे थांबायचं? चावंडच्या पुढे आडबाजूला पूर नावाचं गाव आहे, तिथे कुकडेश्वराचं जुनं कोरीव मंदिर आहे. कुकडी नदी तिथेच उगम पावते, म्हणजे ज्या धरणाच्या काठाने तुम्ही आलात त्याचं पाणी इथून सुरू होतं. गर्दी नसते. पाणी भरून घ्या, अर्धा तास सावलीत बसा.

घाटाच्या माथ्याशी नाळेतून थोडं खाली उतरलं की लेणं आहे. सायकल वर ठेवून, बूट बदलून जा. भिंतीवर ब्राह्मीतला मोठा लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याचा हिशेबच आहे तो. आकडे चक्क अंकांत कोरले आहेत. भारतातल्या फार जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, ते आता नाहीत. उरली आहेत वरची नावं आणि खाली काहींची पावलं. मला त्या लेखापेक्षा ती पावलंच जास्त आठवतात. वर आलात की दगडी रांजण दिसेल. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. तिथल्या कठड्यावर बसून मागे जीवधन आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका बघायचा. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे चारही किल्ले या एका वाटेच्या पहाऱ्याला बसवलेत, हे सायकलवरून एका दिवसात जसं उमगतं तसं गाडीतून उमगत नाही. एक मागे पडतो न पडतो तोच पुढचा दिसायला लागतो.

दुसरा दिवस जुन्नरच्या आसपास काढा. शिवनेरी चढा, मग लेण्याद्रीकडे वळा. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत. दान देणाऱ्यांत यवन, म्हणजे ग्रीक आहेत, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे संघही आहेत. घाटातून वर आलेला पैसा कुठे गेला त्याचं उत्तर तिथे मिळतं.

ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शनिवार-रविवारी नाणेघाटावर गाड्यांची रांग लागते, धुक्यात पुढचं दिसत नाही आणि मुरमाच्या वाटांचा चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये असा भरतो की चाक फिरायचं थांबतं. मोसम कोणताही असो, अंधार पडायच्या आत जुन्नरला परत या. हा बिबट्यांचा तालुका आहे आणि उसाच्या कडेने संध्याकाळी एकट्याने सायकल मारण्यात शौर्य नाही. सकाळी सहाला निघालात तर चारपर्यंत आरामात परत येता. रात्री मासवडी आणि रस्सा, भाकरीबरोबर. नावावर जाऊ नका, त्यात मासे नसतात.

आणि तुमच्या सायकलच्या मॉडेलचा एक सुटा हँगर आत्ताच मागवून ठेवा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, जुन्नरच्या दुकानात मिळणार नाही. मी विचारून पाहिलंय.