आधी पाण्याला वाट, मग डांबर

प्रश्न : आमच्या औद्योगिक वसाहतीतील अंतर्गत रस्ता डांबरी असून माल चढवण्या-उतरवण्याची जागा काँक्रीटची आहे. दर पावसाळ्यात रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच खड्डे पडतात. कंत्राटदार संपूर्ण रस्त्यावर डांबराचा नवा थर देऊ म्हणतो, तर काही सभासदांचा सगळेच काँक्रीट करून घेण्याचा आग्रह आहे. आम्ही काय करावे?
– सचिव, गाळेधारकांची सहकारी संस्था, अंधेरी (पूर्व)

उत्तर : खड्डे दरवर्षी त्याच जागी पडत असतील, तर त्या जागी पाणी मुरते आहे असे समजावे. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भेगेतून आत गेलेले पाणी डांबर आणि खडी यांच्यामधली पकड सोडवते, खालचा मुरूम भिजून मऊ होतो आणि भरलेला ट्रक वरून गेला की सुटी झालेली खडी उखडून बाहेर येते. अशा रस्त्यावर नुसता नवा थर दिल्यास जुन्या भेगा काही काळाने त्यातूनही वर येतात. शिवाय रस्त्याची पातळी उंचावते, चेंबरची झाकणे खोल जातात आणि पाणी गाळ्यांच्या उंबऱ्याकडे वळते. त्यामुळे सरसकट थराचा प्रस्ताव समितीने मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एखादी जोरदार सर थांबल्यावर तासाभराने आवारात फेरी मारावी आणि जेथे पाणी साचलेले दिसेल, त्या डबक्याची कड पाणी ओसरण्यापूर्वी ऑइलपेंटने आखून ठेवावी, किंवा निदान मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. पुढे दुरुस्तीचा नकाशा म्हणून हेच उपयोगी पडते. उतार साधारण पन्नास फुटांना एक फूट असावा आणि तो गटाराकडे जाणारा असावा. गटारातला गाळ मे महिन्यातच काढून घ्यावा.

कायमची दुरुस्ती पावसाळा संपून जमीन सुकल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे या काळात करावी. एकेकटी भेग साफ करून रबरमिश्रित डांबराने भरली तरी पुरते. पण जाळीसारख्या भेगा पडलेल्या असतील, तर तेथे खालचा पायाच खचलेला असतो आणि तो भाग खोदून मुरूम व खडीसह नव्याने दाबून घेण्यावाचून गत्यंतर नसते. खड्डा भरताना त्याच्या कडा उभ्या आणि चौकोनी कापाव्यात, आतली धूळ व ओल काढावी, तळाला आणि कडांना डांबराच्या इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) हात द्यावा आणि गरम मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर रोलरने किंवा कंपन यंत्राने दाबावा. फावड्याने माल टाकून वरून ट्रकची चाके फिरवणे ही दुरुस्ती नव्हे. भर पावसात खड्डा पडला, तर थंड मिश्रणाने (न तापवता वापरता येणाऱ्या डांबर-खडीने) तो ताबडतोब बुजवावाच, कारण साचलेल्या पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात हातगाडीचे चाक अडकले की हमालाच्या पाठीला आणि गुडघ्याला इजा होते. मात्र ही सोय तात्पुरती समजावी.

सगळे काँक्रीट करण्याची गरज मला दिसत नाही. डिझेल आणि तेल डांबराला विरघळवतात, म्हणून जेथे ट्रक तासन्‌तास उभे राहतात किंवा वळतात, तेवढ्या जागेला काँक्रीटच योग्य आहे. इतरत्र ते करायचे झाल्यास जलवाहिन्या आणि केबल यांच्यासाठी आधीच पाइप टाकून ठेवावेत, अन्यथा पहिल्याच गळतीला नवा रस्ता फोडावा लागेल.

प्रश्न : आमच्या गोदामासमोरील काँक्रीटच्या सांध्यांतला भराव निघून गेला आहे. तेथे सिमेंट भरले तर चालेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : चालणार नाही. उन्हाने काँक्रीट प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावते. सांधा त्या हालचालीसाठीच ठेवलेला असतो. त्यात सिमेंट किंवा खडे घट्ट बसले, तर स्लॅबच्या कडा तुटू लागतात. सांधा तारेच्या ब्रशने साफ करून पूर्ण सुकू द्यावा, आत फोमची दोरी बसवावी आणि वर पॉलिसल्फाइड सीलंट (रबरासारखे लवचीक राहणारे भरण) भरावे. कडेवर हातोडी मारून पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग आधी तोडून नव्याने भरावा. त्या नव्या काँक्रीटवर किमान सात दिवस गोणपाट ओले ठेवावे आणि २८ दिवस होईपर्यंत भरलेला ट्रक तेथे आणू नये.