सुंठीवाचून खोकला गेला, तरी काढा कशासाठी?

चि. मनू हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीने फोनवर तुला काढा घ्यायला सांगितले होते; तू तो घेतला नाहीस आणि चार दिवसांनी खोकला थांबल्याचे कळवलेस, तेव्हा ती ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असे म्हणून हसली. त्या म्हणीचा अर्थ काय, आपण थंडी सुरू होताच काढा का उकळतो आणि त्याने रोगप्रतिकारशक्ती खरोखर वाढते का, असे तू पत्रात विचारले आहेस.

उपाय करण्यापूर्वीच अडचण आपोआप दूर झाली की ही म्हण वापरतात. खोकल्यावर सुंठ हा घरातला पहिला उपाय, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. पण खोकला सुंठीशिवायही जातो, हेही आपल्या लोकांनी पाहून ठेवले होते. सर्दी २००हून अधिक प्रकारच्या विषाणूंपैकी कशानेही होऊ शकते आणि साधारणपणे ७ ते १० दिवसांत शरीर स्वतःच तिच्यातून बाहेर येते. काढ्याने ते विषाणू मरतात किंवा काढा घेणाऱ्याला सर्दी होतच नाही, असे मी तुला सांगणार नाही. पुरेशी झोप, वेळेवर जेवण आणि डॉक्टरांनी सांगितलेली लस यांची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु गरम पेय घोट घोट घेतल्याने घसा शेकला जातो, आल्यामिऱ्यांच्या तिखटपणाने नाक मोकळे वाटते आणि थंडीत तहान लागत नसतानाही पोटात पाणी जाते. आजारी माणसाला एवढा आराम मिळणे मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

आता कृतीकडे वळतो, कारण बहुतेक जण चुकतात ते तिथेच. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढ्याचे माप दिले आहे: भरड कुटलेल्या औषधाच्या १६ पट पाणी घ्यावे आणि मंद आचेवर ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावे. ते औषधाचे प्रमाण झाले. घरात आपण दोन कप पाण्याचा एक कप करतो. त्याच परंपरेत ‘फांट’ नावाचा दुसरा प्रकार आहे, ज्यात उकळते पाणी औषधावर ओतून काही वेळाने गाळून घेतात. हा भेद नीट समजून घे. साल, मूळ आणि मिरीसारखी कठीण फळे यांचा अर्क उतरायला वेळ लागतो, म्हणून ती उकळावी लागतात. तुळस आणि गवती चहा यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जाते. सगळे एकदम टाकून अर्धा तास खळखळ उकळले, तर सारी खोली दरवळते आणि कपात कडूपणा तेवढा उरतो.

म्हणून दोन कप पाण्यात पाव चमचा सुंठ, ३ मिरे ठेचून, २ लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घालून मंद आचेवर पाणी निम्मे होऊ दे. मग गॅस बंद करून तुळशीची ५-६ पाने चुरडून घाल आणि ५ मिनिटे झाकण ठेव. गवती चहाची पाती मिळाली नाही आणि नुसते जाड दांडे मिळाले, तर ते ठेचून याच वेळी घालावेत. गाळल्यावर थोडा गूळ चालेल. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर, आणि लिंबूही तेव्हाच, कारण उष्णतेने त्यातले क जीवनसत्त्व कमी होते. भारताच्या आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या मिश्रणात तुळस ४ भाग, दालचिनी आणि सुंठ प्रत्येकी २ भाग आणि काळी मिरी अवघा १ भाग आहे. मिरीचा भाग सर्वांत कमी आहे, हे लक्षात ठेव. तुझ्या वयाचा असताना मी लवकर बरे वाटावे म्हणून मूठभर मिरे उकळले होते आणि आठवडाभर पोटातली आग सहन केली होती.

सुंठ म्हणजे वाळवलेले आले असले, तरी दोन्ही एकच नव्हेत. वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचे काही प्रमाणात शोगाओल या दुसऱ्या घटकात रूपांतर होते आणि ते अधिक तिखट असते, म्हणून आल्याच्या मापाने सुंठ घालू नकोस.

दिवसातून एक कप, फार तर दोन. गोडीसाठी ज्येष्ठमध रोज घालू नकोस, कारण त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो. बाजारातल्या कॅशिया जातीच्या दालचिनीत कूमरिन नावाचे द्रव्य असते आणि ते सतत जास्त घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून तिचाही तुकडा लहानच असावा. तुझ्या मैत्रिणीच्या घरी तान्हे बाळ आहे, असे तू लिहिले होतेस. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, हे तिला अवश्य सांग. ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर काढ्यावर विसंबून न राहता थेट डॉक्टरांकडे जा.

आजीशी बोलशील तेव्हा तिला अडुळशाबद्दल विचार. त्या पानांतल्या व्हॅसिसीन या घटकावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. पाने ती कशी ओळखायची आणि काढ्यात किती घालायची, हे तिच्याकडून ऐकून मला लिहून पाठव. मी ते कधी नीट विचारून घेतले नाही.

तुझा,
बाबा