वाचक विचारतात: किनाऱ्यावर सीलचं एकटं पिल्लू दिसलं तर?

प्रश्न: किनाऱ्यावर सीलचं एक पिल्लू एकटंच पडलेलं दिसलं, डोळे पाणावलेले, आईचा पत्ता नाही. उचलून पाण्यात सोडायला हवं होतं का?

उत्तर: नाही, अजिबात नाही, नाही उचललंत ते फार बरं केलंत. बहुतेक वेळा आई खायला समुद्रात गेलेली असते आणि पिल्लू तिची वाट बघत पडलेलं असतं, आपण तिथेच घुटमळत राहिलो तर ती किनाऱ्याला यायलाच घाबरते, कधीकधी पिल्लाला कायमचं सोडूनही देते. आणि ते डोळ्यांतलं पाणी म्हणजे रडणं नव्हे हो, सीलला अश्रू नाकात उतरवणारी नळी नसते म्हणून डोळ्यांभोवती ओली वर्तुळं दिसतात, उलट डोळे कोरडे दिसले तर काळजी करा, अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं.

ग्रे सीलच्या पिल्लाची पांढरी लव पाणी अडवत नाही, त्याला पाण्यात ढकललं तर ते गारठून मरू शकतं. त्याची आई साधारण 3 आठवडे दूध पाजून निघूनच जाते, त्यामुळे थोडं मोठं पिल्लू एकटं दिसणं नॉर्मलच आहे.

निदान 50 मीटर लांब थांबा, आणि मान वर करून तुमच्याकडे बघायला लागलं तर अजून मागे सरका. कुत्रा पट्ट्यालाच ठेवा. अंगावर पाणी नको, दूध नको, मासे नकोत, सेल्फी तर नकोच, चावलं तर वाईट इन्फेक्शन होतं. गळ्यात जाळं, जखम, खोकला किंवा मानेची-कमरेची हाडं दिसली तर लगेच वन्यजीव बचाव पथकाला फोन करा, नेमकी जागा सांगा आणि ते येईपर्यंत लोकांना लांब ठेवा.