एकदा खासदार झालं की जन्मभर पेन्शन? कॅनडातल्या वाचकांची प्रश्नोत्तरे

तेच प्रश्न परत परत येतायत, म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

प्रश्न: पीआर (कायम रहिवासी) आहे. फेडरल इलेक्शनला मत देता येईल?
नाही. आधी सिटिझन व्हा.

प्रश्न: किम कॅम्पबेल एकाच टर्मच्या खासदार होत्या म्हणतात. त्या तर कॅनडाच्या पंतप्रधान होत्या, मग असं कसं?
होत्या की. १९८८ ला व्हँकुव्हर सेंटरमधून आल्या, १९९० ला न्यायमंत्री, १९९३ च्या जूनमध्ये पंतप्रधान आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःचीच सीट गेली. पंतप्रधानपद मिळालं १३२ दिवस.

प्रश्न: त्यांचा प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष त्यांनीच बुडवला ना?
अर्धवट ऐकलेलं. कॅम्पेनमध्ये त्या चुकल्या हे खरंय, पण लोकांचा राग आधीच्या मलरोनी सरकारवर साठलेला होता, त्याचं खापर कॅम्पबेलबाईंच्या डोक्यावर फुटलं. शिवाय मतं १६ टक्के आणि सीटा फक्त २! ब्लॉक केबेक्वा या फक्त क्वेबेकमध्ये लढणाऱ्या पक्षाला साडेतेरा टक्क्यांत ५४, कारण त्यांची सगळी मतं एकाच प्रांतात.

प्रश्न: एक ओळखीचे म्हणतात, पैसे भरा, नॉमिनेशन (पक्षाची उमेदवारी) मिळवून देतो, एक टर्म झाली की जन्मभर पेन्शन. भाऊ तयार झालाय.
भावाला आधी खाली बसवा. भारतात एका टर्मच्या खासदारालाही पेन्शन असते, तेच डोक्यात धरून लोक इथेही ठोकून देतात. इथे सहा वर्षं भरावी लागतात. कॅम्पबेलबाईंची पाचही भरली नव्हती, म्हणजे खासदारकीची पेन्शन नाही, आणि पंतप्रधानांची वेगळी असते तिला त्या पदावर चार वर्षं लागतात, तीही नाही. २०१९ ला पहिल्यांदा आलेल्यांचं बघा. २०२५ चं इलेक्शन २० ऑक्टोबरला ठरलेलं, दिवाळी येते म्हणून २७ करायचं बिल आलं, आणि त्या एका आठवड्यात बऱ्याच जणांची सहा वर्षं भरत होती म्हणून केवढा आरडाओरडा झाला, शेवटी बिलच बारगळलं, इलेक्शन एप्रिलमध्येच उरकलं, आणि त्यातले जे हरले ते दोनदा (२०१९ आणि २०२१ ला) निवडून येऊनही पेन्शनला मुकले. अशांना पेन्शनसाठी पगारातून भरलेले पैसे व्याजासकट परत आणि साधारण अर्ध्या वर्षाचा पगार, बस. तेव्हा त्या ओळखीच्यांना एक डॉलरही देऊ नका, नॉमिनेशनचे नियम थेट पक्षाच्या रायडिंग असोसिएशनला (मतदारसंघातल्या शाखेला) विचारा, आणि घरखर्चाचं गणित अकाउंटंटसमोर मांडा.

प्रश्न: फेडरल सरकारी नोकरीत आहे. नॉमिनेशन मिळाल्यावर ऑफिसला सांगितलं तर चालेल?
नाही चालणार. पब्लिक सर्व्हिस कमिशनची परवानगी नॉमिनेशन मागायच्या आधी लागते, आणि ती दोन दिवसांत येत नाही. "बघू नंतर" करू नका, उद्याच एचआरशी बोला.