खेड्यातल्या छोट्या दवाखान्यांसाठी सरकारी नियम शिथिल करावेत का?

करावेत, पण सरसकट नाही. आधी एक गैरसमज काढून टाका, की प्रत्येक दवाखान्याला सरकारी नोंदणी लागते. महाराष्ट्रात 1949 च्या नर्सिंग होम कायद्याची नोंदणी लागते ती खाटा ठेवून रुग्ण दाखल करणाऱ्यांना. नुसती ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टरला ती लागत नाही. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा, तर आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही.

खरी डोकेदुखी जैववैद्यकीय कचऱ्याची, म्हणजे वापरलेल्या सुया, रक्त लागलेला कापूस वगैरेची. 2016 च्या नियमांत खाटा नसलेल्या दवाखान्याला परवानगी एकदाच घ्यावी लागते आणि 90 दिवसांत हरकत आली नाही तर ती मिळाल्याचं धरतात. म्हणजे कागदावर सवलत आहेच! पण रक्त लागलेला कापूस, बँडेज असा कचरा एरवी 48 तासांच्या वर साठवायचा नाही. आता आडवळणाच्या वाडीवर डॉक्टर दिवसाला चार इंजेक्शनं देतो, पांढऱ्या डब्याच्या तळाला मोजक्या सुया, पिवळ्या पिशवीत मूठभर कापूस. तेवढ्यासाठी घाट चढून गाडी कोण पाठवणार? मग तो कापूस परसात जळतो. इथे नियम ढिला करण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात कचरा जमा करायची सोय द्या, तिथून गाडी उचलेल.

दोन-चार खाटांच्या प्रसूतिगृहाला मात्र शहरी हॉस्पिटलची मोजपट्टी लावू नये. जागेच्या अटींत सूट हवी, निर्जंतुकीकरणात अजिबात नको.

सोनोग्राफीच्या नोंदींना तर हातही लावू नका. लिंगनिदानबंदीचा 1994 चा कायदा त्या नोंदींच्या फॉर्मवरच उभा आहे. ‘गावात कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांसाठीच तो आहे.