जिन्याजवळच्या खुर्चीत दोन तास

प्रिय ताई,

माझं वय ३८. नऊ वर्षांची असताना टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या वेळी दोघांनी हात धरून माझ्या तोंडावर भुलीचा मास्क दाबला होता. तेव्हापासून नाकातोंडावर काहीही आलं की छाती आवळते, बोटांना मुंग्या येतात, आता मरणार असंच वाटतं. मानसोपचारतज्ज्ञांनी मला मास्कमधून सूट द्यावी असं पत्र दिलंय. गळ्यात थायरॉइडची गाठ आहे. ती दाखवायला हॉस्पिटलात गेले, तर त्या विभागात मास्क सक्तीचा. मी पत्र पुढे केलं. काउंटरवरच्या माणसानं ते रांगेसमोर मोठ्यानं वाचलं. ‘पॅनिक’ शब्द आला तसा मागून कुणीतरी हसलं. काउंटरवरच्या माणसाच्या हाताला ओलं सॅनिटायझर होतं, डॉक्टरांच्या सहीची शाई पसरली. मग ‘नियम सगळ्यांना सारखा’ म्हणून मला जिन्याजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं. दोन तासांनी डॉक्टर आले. त्यांनी दारातूनच चार प्रश्न विचारले आणि गळ्याला हातही न लावता ‘सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा’ म्हणून सांगितलं. ती तारीख उलटून तीन महिने झाले. माझं पाऊलच उचलत नाही. नवरा म्हणतो, तक्रार कर. आई म्हणते, ‘पाच मिनिटं लावला असतास तर काय बिघडलं असतं?’ ताई, माझंच चुकलं का?

— एक वाचक

*

मी वयानं मोठी, म्हणून तुला एकेरीतच लिहिते.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू घाईघाईत, शेवटाकडे उरकून टाकलीयस. तारीख उलटून तीन महिने झाले. थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पण गाठ आहे तेवढीच आहे की वाढतेय, हे नव्या सोनोग्राफीचं माप जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून तक्रार, माफी, सगळं नंतर. आधी सोनोग्राफी. ती त्याच ठिकाणी करायला हवी असं अजिबात नाही. तिथून जुना रिपोर्ट आणि प्रतिमा मागून घे, तो तुझा हक्क आहे, आणि दुसरीकडे जा.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, कारण तो तुला काउंटरवरच्या माणसापेक्षा जास्त लागलाय असं मला पत्र वाचताना जाणवलं. बोटांना मुंग्या येतात असं तू लिहितेस. भीतीनं श्वास भराभर चालू लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यानं मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. साध्या सर्जिकल मास्कनं निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन घटत नाही, हे खरं आहे, आणि तुला ते कुणीतरी ऐकवलंही असेल. पण तुझा त्रास ऑक्सिजनचा नाहीच. तो नऊ वर्षांच्या मुलीचा आहे, जिचे हात धरलेले होते. शरीर तेव्हाचं सगळं लक्षात ठेवतं आणि मास्क दिसला की पुन्हा तिथेच जाऊन उभं राहतं. हे नखरे नव्हेत. आईला हा परिच्छेद वाचायला दे. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर तीच बसली असेल, आणि आत काय झालं हे तिला अजूनही धड माहीत नसेल.

तुझं चुकलं नाही. तरी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, मग ती कितीही टोचो.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची केमोथेरपी चालू होती. केमोच्या डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत नुसता ताप आला तरी धावत हॉस्पिटल गाठावं लागतं. अशाच एका दिवशी आम्ही रक्त तपासायला बसलो होतो. समोर एक बाई मास्कशिवाय खोकत होत्या. मला इतका राग आला की मी बहिणीला उठवून खिडकीपाशी उभं केलं आणि त्या बाईंकडे रोखून बघत राहिले. त्यांच्याकडे तुझ्यासारखं पत्र असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. तुझं पत्र वाचताना ते आठवलं आणि मला त्या बाईंची माफी मागावीशी वाटली. पण माझी भीतीही खोटी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तरी केमो, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचे वॉर्ड तसेच आहेत. काही विभागांत मास्क अजून का आहे, त्याचं कारण ही माणसं.

मास्कमधून सूट देणारं पत्र एवढंच सांगतं की तुला मास्क लावणं जमणार नाही. त्यानं तुझा श्वास शेजारच्याला सुरक्षित होत नाही. पत्र दाखवल्यावर प्रश्न संपत नाही, दुसरी सोय काय करायची हा प्रश्न तिथून सुरू होतो. आणि तो सोडवण्याची मोठी जबाबदारी हॉस्पिटलची आहे, तुझी नव्हे. तिथे त्यांनी हात झटकले.

मास्कशिवाय पेशंट तपासताच येत नाही, हे खरं नाही. दातांचे डॉक्टर दिवसभर उघड्या तोंडात काम करतात. एंडोस्कोपी, घशाची तपासणी, बाळंतपण, तान्ही मुलं, बेशुद्ध माणसं, यातल्या कुणाच्या तोंडावर मास्क असतो? तिथे डॉक्टर स्वतःला जपतात. नीट बसलेला एन९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो आणि तो घालणाऱ्याचंही रक्षण करतो. त्या डॉक्टरांना तो लावून, खिडकी उघडून, तुझ्या मागे उभं राहून गळा चाचपता आला असता. थायरॉइड तर पुष्कळदा पेशंटच्या मागे उभं राहूनच तपासतात! पेशंट समोर आल्यावर दारातून चार प्रश्न विचारणं म्हणजे तपासणी नव्हे.

सूट ही कुणी केलेली मेहेरबानी आहे, असंही मानू नकोस. ऑगस्ट २०२० मध्ये, साथ भरात असताना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती करू नये. ज्यांना जमत नाही त्यांचा विचार नियमांत तेव्हापासूनच होता. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालचा आहे. त्यात दीर्घकाळच्या मानसिक त्रासाचाही समावेश होतो, आणि अशा माणसासाठी वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ‘नियम सगळ्यांना सारखा’ हे वाक्य त्यापुढे फार तोकडं पडतं.

आणि पत्र मोठ्यानं वाचणं. याला कुठलंच कारण नाही. संसर्गाची भीती नाही, गर्दी नाही, काहीच नाही. तुझा आजार ही तुझी खासगी गोष्ट होती. ती रांगेत सांडली, आणि ती शाई पसरलेली बघत तुला गप्प उभं राहावं लागलं. याचा राग तुला येत असेल तर येऊ दे, तो दाबू नकोस.

पुढच्या वेळी तो कागद तुला पुढे करावाच लागू नये, यासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून नवं पत्र घे. त्यात निदान लिहायची गरज नाही. ‘वैद्यकीय कारणामुळे नाक-तोंड झाकणं शक्य नाही’ एवढं पुरे. त्याखाली तुला काय जमेल ते मात्र लिहून घे: समोर फेसशील्ड चालेल का, लांब धरलेला रुमाल चालेल का, बाहेर थांबणं चालेल का. शील्ड बाजूंनी आणि खालून उघडं असतं, त्यामुळे ते मास्कच्या तोडीचं नसतं; पण समोरच्याला दिसतं की ही बाई तिच्या परीनं काळजी घेतेय, आणि आवाज एकदम खाली येतात. व्हॉल्व्ह असलेला मास्क घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. त्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणून हॉस्पिटलं तो बहुधा चालवून घेत नाहीत. सर्दी-खोकला-ताप असेल त्या दिवशी जायचंच नाही, तारीख बदलून घ्यायची. एवढं तू त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माझ्या बहिणीसाठी कर.

पुढेमागे गाठ काढायची वेळ आलीच, तर भूलतज्ज्ञांना आधी भेट आणि टॉन्सिलच्या ऑपरेशनची गोष्ट जशी मला सांगितलीस तशी सांग. भूल शिरेतून देता येते. ऑक्सिजनचा मास्क चेहऱ्यापासून थोडा दूर धरता येतो, किंवा पेशंटच्याच हातात देता येतो. स्वतःच्या हातात धरलेला मास्क आणि दुसऱ्यानं दाबलेला मास्क यांत काय फरक असतो, हे मी तुला सांगायला नको. हळूहळू सवय करण्याचे उपचारही असतात. त्यांचा विचार तुला वाटेल तेव्हा कर, कुणाला खूश करायला नको.

तक्रार करावी, असं मलाही वाटतं. पण सोनोग्राफी झाल्यावर, आणि एका पानात. तारीख, वेळ, कुठलं काउंटर, कोण काय म्हणालं ते शब्द जसेच्या तसे. स्वभावावर, हेतूवर काही लिहू नकोस. तीनच मुद्दे ठेव: पत्र सगळ्यांसमोर वाचलं, दोन तास काहीही न सांगता बसवलं, तपासणी केली नाही. शेवटी तुला काय हवंय ते माग. लेखी माफी हवी की सूट असलेल्या पेशंटसाठी ठरलेली पद्धत हवी, की दोन्ही? हे तू ठरव, नवऱ्यानं नव्हे. उत्तर कधीपर्यंत मिळेल तेही विचार, आणि प्रत स्वतःकडे ठेव. सहीवरची शाई पसरलेलं ते जुनं पत्र फाडू नकोस. त्याची झेरॉक्स सोबत जोड.

फोन मात्र आजच कर. काय बोलायचं ते खाली लिहून देते, वाटलं तर कागद समोर धरून वाच:

‘मला गळ्याच्या सोनोग्राफीची वेळ हवी आहे. वैद्यकीय कारणामुळे मी मास्क लावू शकत नाही, पत्र आहे. सकाळची पहिली किंवा दिवसातली शेवटची वेळ मिळेल का? मी बाहेर थांबेन, नंबर आला की फोन करा. ही नोंद माझ्या नावापुढे आत्ताच करून घ्याल का? आणि आपलं नाव सांगाल?’

नाव लिहून घे. आणि जाताना सोबत आईला ने.

— ताई